बुटांच्या खोक्यातलं गॅरेज

मैत्रिणींनो, या आठवड्यात खरं तर पावसाळ्यात कपाटांना येणाऱ्या कुबट वासाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण बदलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आणि ते काही बाजूला ठेववेना. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा लिहिलं आहे, तेव्हा नाव राहू द्या.

हकिकत थोडक्यात अशी. यजमानांना खेळण्यातल्या मोटारींचा नाद. बोटभर लांबीच्या, धातूच्या, दारं उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, तेवढ्यात खाटेखाली बुटांची सहा खोकी भरली. महिनाअखेरीला इकडे भाजीचा हिशेब जुळत नसतो आणि हे स्टेशनवरून येताना खिशातून नवी गाडी काढतात, मुलाच्या हातात देण्याआधी स्वतःच लादीवर चालवून बघतात. दिवाळीच्या साफसफाईत बाईंचा धीर सुटला. सगळ्यात जुनं, मोडक्या गाड्यांचं एक खोकं त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्यात एक काळीपिवळी टॅक्सी होती. टपावरचा रंग उडालेला, एक चाक नाही. ती यजमानांना त्यांच्या वडिलांनी दिली होती, आणि वडील आता नाहीत. यजमानांनी खोकं शोधलं, मिळेना, तेव्हा मुलाला धरलं. "तूच नेलंस खेळायला, तूच हरवलंस." पोरगं नाही नाही म्हणत राहिलं. बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत सगळं ऐकत होत्या. बोलल्या नाहीत.

"आता उरलेल्या गाड्यांसाठी एखादं छोटं गॅरेज घरच्या घरी करता येईल का?" असं त्या विचारतात. "म्हणजे यांना जरा बरं वाटेल."

करता येईल. कसं ते सगळं सांगते. पण बाई, त्याआधीचं एक काम आहे आणि त्याला ना पुठ्ठा लागतो ना फेव्हिकॉल. खोकं कोणी दिलं ते यजमानांना सांगा, आणि मुलाच्या समोर सांगा. गॅरेज पुरं होऊ दे, त्यांचा चेहरा खुलू दे, मग हळूच सांगेन असा बेत असेल तर तो सोडून द्या. गॅरेजला पंधरा दिवस लागतात. तेवढे पंधरा दिवस तुमचं लेकरू आपल्याच घरात चोर म्हणून वावरणार. यजमान रागावतील, कदाचित दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत. ते सोसा. आणखी एक. तशीच दुसरी टॅक्सी आणून "सापडली हो!" असं मुळीच करू नका. ज्या माणसाने ती गाडी लहानपणी उशाशी घेऊन झोपून काढली, त्याला तिचा कुठला टवका उडालाय ते अंधारात बोटांनी कळतं.

असो. आता गॅरेजकडे.

परदेशात या प्रकाराला डायोरामा म्हणतात. आपल्याकडे सरळ देखावा म्हणतात आणि तो आपल्याला काही नवा नाही. दिवाळीत अंगणात पोरं मातीचा किल्ला करतात, अळीव पेरून त्याची हिरवळ उगवतात, गणपतीपुढे आख्खं खेडं उभं राहतं. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं. तिथं माणसांच्या, त्यांच्या कामधंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती काचेमागे मांडलेल्या आहेत. मुलांना घेऊन एकदा बघून या, हात कसा चालवायचा ते लगेच कळतं. आणि बदलापूरकरांना तर गॅरेजचं वावडं असायचं कारणच नाही. लांबच्या प्रवासाला निघालेले लोक इथं थकलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे गाव मुळात गॅरेजचंच की!

मला हे काम जमतं ते आमच्या मामंजींमुळे. अंबरनाथला कल्याण-बदलापूर रस्त्यावर त्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. गुडघे गेले तेव्हा ते बंद केलं आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले. दिवसभर रस्त्याकडे कान. न बघता सांगायचे, "याचा क्लच गेलाय." घरात दुसरं काही बोलायचे नाहीत. त्या दिवसांत नातवाच्या गाड्या पायात येतात म्हणून मी बुटांच्या खोक्याचं गॅरेज करायला घेतलं. दोन दिवस ते नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खड्डा चुकलाय."

गाडीखाली उतरून काम करायला गॅरेजच्या जमिनीत एक लांबट खड्डा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. मी तो हौसेने चांगला ऐसपैस कापला होता. मामंजींनी एक गाडी उचलून त्यावर ठेवली आणि गाडी चारही चाकांनिशी आत गेली! त्या दिवशी ते किती महिन्यांनी हसले. खड्डा गाडीच्या दोन चाकांमधल्या जागेहून अरुंद हवा, हे मला तेव्हा कळलं. पुढे महिनाभर ते खुर्चीतून सांगत गेले, मी करत गेले. तेव्हा आज जे सांगते त्यातलं बरंचसं त्यांचं आहे.

पहिली गोष्ट माप. तुमच्या यजमानांच्या गाड्या बोटभर लांबीच्या आहेत, म्हणजे बहुतेक खऱ्या गाडीच्या ६४ पट लहान. आपली प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात होत होती ती, साधारण १३ फूट लांब. ६४ ने भागलं की सहा सेंटिमीटर. एवढं गणित रोज करत बसायला नको. एक खरा फूट म्हणजे जवळजवळ अर्धा सेंटिमीटर, एवढं लक्षात ठेवा. दार सात फूट, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. कामाचं टेबल अडीच फूट उंच, म्हणजे सव्वा. गाड्या त्याहून मोठ्या, बोटाऐवजी चांगल्या ९ सेंटिमीटरच्या असतील तर त्या ४३ पट लहान; मग फुटाला सात मिलिमीटर धरा. कधीकधी लॉरी आणि मोटार एकाच लांबीच्या निघतात, कारण दोघींना एकाच पाकिटात बसवायचं असतं. त्याचा घोर करू नका. जी गाडी जास्त आवडती तिच्या मापाने गॅरेज करा.

आता खोकं घ्या. साधारण ३० सेंटिमीटर लांब, १८ रुंद, ११ उंच असतं. आपल्या हिशेबाने हे झालं ६० फूट बाय ३६ फूट आणि उंची २२ फूट! एवढं गॅरेज इथं कोणाचं असतं? मामंजींचं ३० बाय २० होतं, म्हणजे १५ बाय १० सेंटिमीटर. तेव्हा खोक्याच्या एका टोकाला छपराखालची जागा धरा, तिथल्या भिंती साडेसहा सेंटिमीटरवर कापा आणि बाकीचं मोकळं आवार ठेवा. आवाराच्या भिंती अडीच सेंटिमीटरवर. गॅरेजात आत दोनच गाड्या असतात आणि बाहेर आठ उभ्या असतात, हे तर तुम्ही रोज बघता.

पुठ्ठा बदलापूरच्या पावसात वाकतो, हे आधीच सांगते. त्याला उपाय आहे. रंग किंवा फेव्हिकॉलचं पाणी आतून लावलं की लगेच बाहेरूनही लावायचं. एकाच बाजूला लावलं तर भिंत पापडासारखी वळते. ज्यांना टिकाऊ हवं त्यांनी उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या आसपास सुतारांकडे चौकशी करावी. प्लायवूडचे, सनमायकाचे हातभर तुकडे त्यांच्याकडे पडलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथं राहिले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. टाकून दिलेल्यातून काय उभं राहतं ते त्या गावाला शिकवायला नको. जीन्स शिवणाऱ्यांकडची निळी कात्रणंही मागून आणा, मेकॅनिकच्या डगल्याला आणि सीटवर टाकायच्या कापडाला लागतात.

चिकटवायला फेव्हिकॉलच बरा. कणकेची खळ नको, झुरळं आणि कसर तिच्यावर टपलेली असतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे, लहान मुलांच्या घरात नको. झटकन चिकटणारा जो गोंद मिळतो तो खिडकीच्या प्लास्टिकजवळ वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते. (बोटं चिकटतात ते वेगळंच.) काचेला साडीच्या खोक्याचं पारदर्शक झाकण उत्तम.

जमीन करण्यात खरी मजा आहे. पांढरी रांगोळी फडक्यातून चाळून घ्या, फेव्हिकॉलमध्ये कालवा, त्यात काजळीची चिमूट टाका आणि पुठ्ठ्यावर पातळ थापा. वाळलं की हुबेहूब सिमेंटचा कोबा. ओलं असतानाच खड्डा मोकळा ठेवा. रुंदीला सव्वा सेंटिमीटर पुरे, पण आधी गाडी उलटी करून चाकांमधली जागा मोजा, माझ्यासारखं करू नका. लांबी सहा-सात सेंटिमीटर, आणि एका टोकाला आत उतरायला पायऱ्या. खोली अडीच सेंटिमीटर लागते, म्हणून सगळी जमीनच खोक्याच्या तळापासून तेवढी उचलून घ्यावी लागते. खाली चार काड्यापेट्या आडव्या रचून त्यांवर आवाराचा पुठ्ठा बसवला की काम भागतं. आणि भिंती आणि आवाराची कुंपणं या नव्या जमिनीपासून मोजायची बरं का, तळापासून नाही.

काड्यापेटीवरून आठवलं. काड्यापेटीएवढ्या मोटारींची सगळी कथाच काड्यापेटीतून निघाली आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत म्हणे काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती. बापाने तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोडरोलर करून पेटीत घालून दिला. १९५३ पासून मॅचबॉक्स नावाने तसल्या गाड्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. आणि खुद्द काड्यापेट्या होत होत्या आपल्या अंबरनाथला, विम्कोच्या कारखान्यात! कारखाना आता नाही, विम्को नाका मात्र आहे. आमच्या मामंजींनी ही गोष्ट ऐकल्यावर एवढंच विचारलं, "रोडरोलरचं स्टिअरिंग फिरत होतं का?"

तर काड्यापेटी फेकू नका. आतला खण उलटा घातला की भिंतीलगतचं कामाचं टेबल होतं. जळलेली काडी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या गावात ती पाच इंची वासा. छपराचा सांगाडा तिचाच करा.

छपराला पन्हाळी पत्रा हवा. त्याला जुनी लाकडी फणी काढा, उवांची. मिठाईच्या किंवा खाण्याच्या पार्सलबरोबर येतो तो जरा जाड चंदेरी कागद फणीच्या दातांवर ठेवून नखाने दाबत जा. दात संपले की कागद पुढे सरकवून त्याच खाचांत बसवा आणि पुन्हा दाबा. पहिले दोन-तीन तुकडे फुकट जातील, जाऊ द्या. मग चार सेंटिमीटर बाय दीड असे पत्रे कापून, खालच्या ओळीवर वरची ओळ थोडी चढवून बसवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. गंज हवा असेल तर कुंड्यांना लावतो तो गेरू फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून कडांना आणि खिळ्यांच्या जागी लावा. गेरूत लोखंडाचा गंजच असतो, तेव्हा रंग चुकायचा प्रश्न नाही. सगळ्या छपराला मात्र फासू नका. मी फासला होता. मामंजी म्हणाले, "मी एवढं गळकं कधी ठेवलं होतं?"

छप्पर चिकटवून टाकू नका, उचलता आलं पाहिजे. नाहीतर आतलं कोणाला दिसणार?

आणि आतलंच तर सगळं गॅरेज आहे. समोरच्या भिंतीवर पान्यांचा फळा. नीट चालवलेल्या गॅरेजात प्रत्येक पान्यामागे त्याच्या आकाराचा काळा रंग काढलेला असतो, म्हणजे संध्याकाळी कुठला परत आला नाही ते लगेच दिसतं. टाचण्या आणि केसांच्या जुन्या पिना पकडीने वाकवून पाने करा. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि एक जागा रिकामी, कारण एक पाना नेहमी शेजारच्या दुकानदाराकडे असतो. गाडी उचलून ठेवायला जॅक असतो, पण जॅकवर ठेवून कोणी खाली शिरत नाही, खाली लोखंडी घोडी लावतात. मी नुसत्या जॅकवर गाडी ठेवली तेव्हा मामंजी एकदम मोठ्याने ओरडले, जशी काही खाली खरीच माणसं होती. मग स्वतः उठून आले. काडीचे चार तुकडे तिरपे जोडून घोडी त्यांनी केली. बोटं थरथरत होती, अर्धा तास लागला, कोणाला हात लावू दिला नाही.

टायरांची चळत कोपऱ्यात हवी. मी नळाचे वॉशर रचले तर "ही ट्रकची आहेत" असा शेरा मिळाला. एक सेंटिमीटरभर व्यासाच्या रबरी रिंगा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, त्या घ्या. गॅसच्या सिलिंडरची रिंग काढून वापरण्याचा विचारही मनात आणू नका. पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, त्याला औषधाच्या बाटलीचं झाकण. हात पुसायला कापसाचा काळा बोळा. भिंतीला मारुतीची तसबीर, तिच्यापुढे उदबत्ती, दारावर लिंबू-मिरची, "उधारी बंद" ची पाटी आणि तिच्याखाली उधारीची वही. चहाचे दोन ग्लास. लोक मोटारी नीट करतात आणि चहा विसरतात, त्यामुळे सगळं गॅरेज दुकानातल्या खेळण्यासारखं दिसतं.

दिवा लावायचा असेल तर दोन पेन्सिल सेलवर चालणारा बारीक एलईडी घ्या. घरच्या विजेवरची दिवाळीची माळ कापून पुठ्ठ्यात घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

उरलेल्या गाड्यांचं काय? सगळ्या आत मावणार नाहीत. काचेचं दार असलेल्या फळीवर मधोमध गॅरेज ठेवा आणि बाजूला गाड्या ओळीने. थेट उन्हात नको, रंग विटतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक चिकट होतं. आणि दर रविवारी दोन गाड्या दुरुस्तीला आत घेऊ द्या बापलेकांना. त्यात तुम्ही पडू नका, चहा मात्र द्या. पैशाचं म्हणाल तर ते बोलणं वेगळं आणि तेही व्हायला हवं. महिन्याला एकच गाडी, ती फी आणि वाणसामान झाल्यावर. हे गॅरेज करताना नाही, नंतर शांतपणे ठरवा.

त्या टॅक्सीबद्दल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. भंगारवाल्याकडे एकदा जाऊन विचारा, लाज बाळगू नका. काही जण खेळणी वितळवायला न देता पोरांसाठी बाजूला काढून ठेवतात. नाहीच मिळाली, तर छपराखालच्या दोन जागांपैकी एक तिची म्हणून मोकळी सोडा, दुसरी गाडी तिथं घुसवू नका. त्या जागी जमिनीवर तेलाचा डाग हवा. काजळी आणि फेव्हिकॉल काडीच्या टोकाने लावा. डाग मधोमध पाडू नका. पद्मिनीचं इंजिन पुढे, तेव्हा तेल पुढच्या बाजूला गळणार.

अंबरनाथच्या ज्या भगिनींनी कपाटाच्या वासाबद्दल विचारलं होतं, त्यांना पुढच्या आठवड्यात नक्की उत्तर देते. तोवर कपाटात कडुनिंबाची पाला सुकवून ठेवा, ओला नको.